गाडीतले चार-पाच तास, मोबाईलशिवाय



आपल्या गटांचा माल आता गावच्या बाजारापुरता राहिलेला नाही. नाचणीचे पापड, कोकम, आंबोळीचं पीठ, पोह्याचे पापड घेऊन ताया नवी मुंबईपर्यंत जातात. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, वाशीला प्रदर्शन केंद्र आहे, आणि मागणी चांगली असते. पण पोलादपूर-महाडकडून निघालं की बेलापूरला पोचायला चार-पाच तास जातात. सणासुदीला पेण-वडखळच्या पट्ट्यात गाडी अडकली तर किती वेळ जाईल ते सांगता येत नाही.

माल बांधून होतो, गाडी ठरते, आणि घरातून प्रश्न येतो, "पोर लहान आहे, एवढ्या लांब कशी नेणार?" काही ताया इथेच मागे राहतात. ज्या निघतात त्यांच्या हाताशी बहुतेक वेळा एकच उपाय असतो. पोर कुरकुरलं की हातात मोबाईल.

हा उपाय सोपा वाटतो, पण महाग पडतो. कसा ते आधी बघू. मग दुसरं काय करता येतं ते शिकू.

मोबाईल का नको?

पहिलं कारण उलटी. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. गाडी वळली, हेलकावली की तो मेंदूला सांगतो, "आपण हलतोय." पण पोराचे डोळे मोबाईलवर खिळलेले असले तर ते सांगतात, "सगळं जागच्या जागी आहे." दोन वेगळे निरोप गेले की मळमळतं, घाम फुटतो, उलटी होते. तेच पोर समोर लांबवर बघत असेल तर डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात आणि त्रास कमी होतो.

दुसरं कारण वाढीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी सूचना दिल्या आहेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बसून बघायला स्क्रीन देऊच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तम. मूल बसलेलं असेल तेव्हा मोठ्यांनी त्याच्याशी बोलावं, गोष्ट सांगावी असंही त्यात म्हटलं आहे. मूल बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाला उत्तर देत देत. मोबाईल बोलतो, पण पोराचं ऐकून घेत नाही.

तिसरं कारण धंद्याचं. स्टॉलवर तोच मोबाईल आपली पेटी असतो. गिऱ्हाईकाने पैसे पाठवले की नाही, ते त्यावरच कळतं. गाणी बघण्यात चार्ज संपला, तर पहिल्याच गिऱ्हाईकापुढे आपली पंचाईत.

निघण्याआधी

निघायच्या तास-दीड तास आधी हलकं खायला द्या. मऊ भात, इडली किंवा पोळी चालेल. तेलकट नको, आणि पोट अगदी रिकामंही नको. वाटेत थोडं थोडं पाणी द्या. खाऊ म्हणून केळं किंवा कुरमुरे ठेवा. शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या चालत्या गाडीत लहान मुलांना देऊ नका. धक्का बसला की दाणा श्वासनळीत अडकतो. दर प्रवासात उलटी होत असेल तर आरोग्य केंद्रात विचारून औषध घ्या, दुकानातून मनाने नको.

जागा आधी ठरवा. जीपच्या मागच्या आडव्या बाकावर जास्त मळमळतं. मूल असलेल्या ताईला मधल्या सीटवर, पुढे तोंड करून बसू द्या. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसू नका. जोरात ब्रेक लागला तर पोर हातात राहत नाही. सीटबेल्ट असेल तर लावा. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल, तर कायद्याने १,००० रुपये दंड आहे.

ड्रायव्हरदादांना निघतानाच सांगून ठेवा की दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटं थांबायचं. पोराला उतरवा, पळू द्या, शू करून आणा. पळालेलं पोर पुढचा तास शांत बसतं.

एक छोटी पिशवी वेगळी ठेवा. त्यात हे घाला:
• तेल-मीठ घालून घट्ट मळलेला कणकेचा गोळा, डब्यात झाकून
• एक जुनी ओढणी
• दोन-तीन प्लास्टिकच्या बांगड्या
• झाकण घट्ट बसवलेली, थोडे तांदूळ घातलेली बाटली
• बदलायचे कपडे, टॉवेल आणि उलटीसाठी पिशव्या

सगळं एकदम बाहेर काढू नका. तासाला एकच वस्तू.

रस्ता हेच खेळणं

आपला रस्ता मुलांसाठी फार चांगला आहे, फक्त तो आपण त्यांना दाखवत नाही. महाडकडून पनवेलकडे येताना पाच मोठ्या नद्या लागतात. महाडजवळ सावित्री, कोलाडला कुंडलिका, नागोठण्याला अंबा, पेणला भोगावती आणि खारपाड्याला पाताळगंगा. हाताला बोटं पाच, नद्याही पाच. पूल आला की एक बोट उघडायचं आणि नदीचं नाव मोठ्याने घ्यायचं. मूठ पूर्ण उघडली की पनवेल जवळ आलं. "अजून किती लांब?" या प्रश्नाचं उत्तर पोराला स्वतःच्या हातावर मिळतं. हाच या खेळाचा मोठा फायदा.

मधल्या वाटेत दाखवायला पुष्कळ आहे. महाड आलं की थोड्या मोठ्या मुलांना चवदार तळ्याची गोष्ट सांगा. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पाणी सगळ्यांचं असतं हे दाखवून दिलं. पुढे लोणेऱ्याला त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. पेण म्हणजे गणपतींचं गाव. बाप्पाची सोंड, कान, उंदीर, मोदक एकेकाने सांगायचं. उन्हाळ्यात वडखळच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात, त्या मोजायच्या.

पाताळगंगा ओलांडली की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, अगदी वर केलेल्या अंगठ्यासारखा. तो आधी कोण बघतो याची शर्यत लावा. त्याच्या पायथ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं. गाडी त्या झाडीतूनच जाते. तिथे काचेबाहेर माकडं शोधायची. शेवटी खारघर-बेलापूरजवळ डोक्यावरून मेट्रो जाते. "मेट्रो दिसली की आपण पोचलो," असं सकाळीच सांगून ठेवा.

तुमचा रस्ता वेगळा असेल तर निघण्याआधी गटात बसून त्याची अशीच यादी करा. पूल, देऊळ, घाट, बाजार, मोठं झाड, काहीही चालेल.

वयाप्रमाणे खेळ

वर्ष-दीड वर्षाचं बाळ: ओढणीआड तोंड लपवून "भॉक" करा. तांदळाची बाटली वाजवू द्या. नाक, कान, डोळे दाखवायला सांगा. एकच खेळ दहादा केला तरी बाळाला कंटाळा येत नाही. कंटाळा आपल्याला येतो.

दोन ते चार वर्षं: आवाजांचा खेळ घ्या. म्हैस कशी ओरडते, एसटीचा हॉर्न कसा वाजतो? मग रंगांचा खेळ. "लाल काय दिसतंय?" कणकेचा गोळा द्या, पोळ्या, साप, लाडू होऊ द्या. गोळा तोंडात जात नाही ना, इकडे लक्ष ठेवा.

चार ते सहा वर्षं: गोष्ट साखळीने सांगा. एक वाक्य तुम्ही, एक पोराने, एक शेजारच्या मावशीने. कोडी घाला. "लाल अंग, पोटात माणसं, हात दाखवला की थांबते." (एसटी) "अंगठा आहे पण हात नाही." (कर्नाळा) मग त्यालाच कोडं करायला सांगा. चित्रं काढणं, पुस्तक बघणं मात्र गाडी थांबल्यावरच. चालत्या गाडीत खाली मान घातली की मोबाईलसारखीच मळमळ होते.

आणखी एक युक्ती. आजीच्या आवाजात एखादी गोष्ट आदल्या रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. गाडीत मोबाईल पिशवीत ठेवूनच ती लावायची. कान गोष्टीकडे, डोळे बाहेर. चार्जही फार जात नाही.

पाळी लावा

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, "चार तास मी एकटी बोलत बसू? पोचल्यावर स्टॉल कोण लावणार?" अगदी बरोबर. एकटीने करायचं हे कामच नाही. बैठकीत सतरंजी कोणी घालायची, बँकेत कोणी जायचं याची आपण पाळी लावतो. तशीच गाडीत लावा. अर्धा तास एकीने मुलांना खेळवायचं आणि तेवढा वेळ आईने डोळे मिटायचे. जिला गोष्टी येतात तिने गोष्ट सांगावी, जिला गाणी येतात तिने गावं. जिची मुलं मोठी झाली तिनेही पाळी घ्यावी. तिची मुलं लहान होती तेव्हा तिलाही कोणीतरी हात दिला असेल, नसेल तर द्यायला हवा होता.

एवढं करूनही पोर रडेल. झोप, भूक, ओलं लंगोट, उकाडा, हे आधी तपासा. काच थोडी खाली करा, पण हात-डोकं बाहेर जाऊ देऊ नका. तरी थांबलं नाही तर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उतरा. आणि एखाद्या दिवशी दहा मिनिटं मोबाईल द्यावाच लागला, तर त्या ताईला नावं ठेवू नका. तिची पाळी दुसरीने घ्यायला हवी होती, असं समजा.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. मूल लहान म्हणून आपल्या गटातली कोणती ताई प्रदर्शनाला किंवा प्रशिक्षणाला गेली नाही? तिला काय मदत मिळाली असती तर ती गेली असती?
२. आपल्या गावापासून बेलापूरपर्यंतच्या रस्त्यावर मुलांना दाखवायच्या दहा जागा लिहा.
३. प्रत्येकीने एक गोष्ट, एक गाणं किंवा एक कोडं सांगा. सचिवताईंनी ते वहीत लिहून ठेवावं. पुढच्या फेरीला मालाच्या यादीबरोबर ही वहीही गाडीत ठेवा.