किल्ली देण्याआधी पोरांशी बोला (मासिक बैठकीसाठी पाठ)



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींची मुलं-मुली शिकायला पुण्याला ये-जा करतात. स्वारगेटला एसटीतून उतरायचं, पुढं पीएमटी नाहीतर मेट्रो. संध्याकाळी स्वारगेटची एसटी चुकली की मग मित्राची गाडी. तो प्यायलेला आहे हे पोराला कळतं. पण "उशीर झाला तर घरी बोलणी बसतील" या भीतीनं ते मागं बसतं. या पाठात ही भीती कशी कमी करायची ते बघू.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे कारनं मोटरसायकलला धडक दिली. दोन तरुण इंजिनिअर गेले. मुलगा दारू प्यायला होता असा आरोप आहे. त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, म्हणून लोक चिडले. वडिलांनाही अटक झाली. "ही मोठ्यांची पोरं" म्हणून सोडून देऊ नका. मेलेले दोघं मोटरसायकलवरच होते.

कायदा काय सांगतो?
- गिअरच्या गाडीचं लायसन १८ व्या वर्षी. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटी त्याहून मोठ्या.
- लहान पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. गाडी कर्जावर असेल तर हप्ता मात्र चालूच!
- मुलांना दारू, तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

पोरांना काय शिकवायचं?
१. लिंबू, ताक, आंघोळ यांनी दारू उतरत नाही. ती वेळ गेल्यावरच उतरते. "एकच घेतलीय" म्हणणाऱ्याच्याही मागं बसायचं नाही.
२. मित्र पिऊन किंवा गोळ्या घेऊन बेशुद्ध पडला, तर त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा.
३. नाही म्हणायची सवय घरीच लावा. "उद्या पेपर आहे", "आई न्यायला येतीये", असं काहीही चालेल. बैठकीत दोघींनी मित्र आणि मुलगा बनून हे करून बघा.

घरातला करार
पोराला सांगा, "कितीही वाजू दे, कुठंही अडकलास तरी फोन कर. मी येईन नाहीतर कुणाला तरी पाठवीन. त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी." आणि हा शब्द पाळा. एकदा जरी रात्री तोंडसुख घेतलं, तरी पुढचा फोन येणार नाही. पोरींनाही हेच सांगा. बदनामीच्या भीतीनं त्या जास्त गप्प राहतात. घरातल्या मोठ्यांनीही पिऊन गाडीला हात लावायचा नाही, नाहीतर पोरं कशाला ऐकतील?

व्यसन लागलंच असेल तर लपवू नका. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे केंद्र काम करतंय.

पुढच्या बैठकीत सांगा : घरी करार केला का? रात्री पोराला आणायला गावात कोण जाऊ शकेल? अशा तीन माणसांचे नंबर गटाच्या वहीत लिहून आणा.