उलटा कोन, चौफेर आवाज

प्रश्न : १९७०च्या दशकातले ‘ओम एफ’ स्पीकर मिळताहेत. त्यांचा कोन उलटा, तोंड खाली. आवाज पेटीतच अडकत नाही का? आज ते टिकतील?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अडकत नाही, काळजी नसावी. लिंकन वॉल्श यांच्या या रचनेत कंपन टोकाकडून खालच्या कडेकडे लाटेसारखं सरकतं आणि कोनाच्या बाहेरच्या अंगाने आवाज चहूकडे पसरतो. खोलीत कुठेही बसा, सूर जवळपास सारखाच; वाद्यांच्या जागा मात्र थोड्या पुसट. जर्मन फिजिक्स आणि एमबीएल या कंपन्या आजही चौफेर स्पीकर बनवतात, पण ते महाग. घेण्याआधी कोनाभोवतीची फोमची कड पाहा. ती वयानुसार कुजते. अ‍ॅम्प्लिफायर दमदार हवा, तरी आवाज बेताचाच ठेवा. भिंतीपासून दोन-तीन फूट जागा सोडा. कोन धड असेल, तर जरूर घ्या.