फ्लॉरेन्स : कारागिरांचे गाव

इटली हा देश युरोप खंडात आहे. नकाशात तो बूट घातलेल्या पायासारखा दिसतो. या देशाच्या मध्यापासून जरा वरच्या अंगाला फ्लॉरेन्स नावाचे शहर आहे. तिथले लोक त्याला फिरेंझे म्हणतात. गावातून आर्नो नदी वाहते. गावाचा जुना भाग काही फार मोठा नाही. सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत पायी एक फेरी होते. पण नीट पाहायचे म्हटले तर महिना पुरत नाही. दर वर्षी जगभरातून लाखो माणसे हे गाव पाहायला येतात.

चला, आपणही तिथे फेरी मारून येऊ. वाट आम्ही दाखवतो. एकच लक्षात ठेवा. जे जे दिसेल ते पाहून आधी विचारायचे, हे कुणाच्या हातचे आहे?

गावात कुठेही उभे राहा, घरांच्या वर एक मोठा तांबड्या कौलांचा घुमट दिसतो. तो ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या देवळाचा, म्हणजे कॅथीड्रलचा घुमट. या देवळाचा पाया १२९६ साली घातला. पुढे बांधकामाची जबाबदारी लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाने उचलली. त्या काळी फ्लॉरेन्सचा मोठा धंदा लोकरीचा होता. इंग्लंडसारख्या दूरच्या देशांतून लोकर यायची. ती इथे धुवायची, पिंजायची, कातायची, विणायची, रंगवायची आणि कापड देशोदेशी विकायचे. त्या कापडाच्या पैशातून देऊळ उभे राहत होते.

शंभर वर्षांहून जास्त काम चालले. भिंती झाल्या. पण मधोमध छताची जागा तशीच उघडी राहिली. ती उघडी जागा सुमारे ४४ मीटर रुंद होती. तीही जमिनीपासून पन्नासहून अधिक मीटर उंचीवर! कमान किंवा घुमट बांधायचा तर गवंडी आधी खालून लाकडाचा सांगाडा उभा करतात. त्यावर विटा रचतात. चुना घट्ट झाला की सांगाडा काढून घेतात. हे आपल्या गावचा गवंडीही सांगेल. पण एवढ्या मोठ्या सांगाड्याला लाकूड आणायचे कुठून? आणि इतक्या उंचावर तो तोलायचा कसा? कुणालाच सुचेना.

१४१८ साली संघाने जाहीर केले, ज्याला युक्ती सुचेल त्याने नमुना करून दाखवावा, त्याला बक्षीस देऊ. तेव्हा फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की नावाचा माणूस पुढे आला. त्याने शिक्षण घेतले होते सोनारकामाचे. तो म्हणाला, खालून सांगाडा न घालताच घुमट बांधतो. लोकांचा विश्वास बसेना. तरी १४२० मध्ये काम सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट पुरा झाला.

त्याने काय केले ते नीट ऐका. एकात एक असे दोन घुमट त्याने बांधले. आतला जाड, बाहेरचा पातळ. दोहोंच्या मधल्या पोकळीतून जिना काढला. विटा रचताना सगळ्या आडव्या लावल्या नाहीत. ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी लावली. उभी वीट शेजारच्या आडव्या विटांना अडवून धरते. त्यामुळे चुना ओला असला तरी विटा आत घसरत नाहीत. आणखी एक गोष्ट. बैलगाडीचे चाक फाकू नये म्हणून आपण त्यावर लोखंडी धाव चढवतो ना? तशीच दगडाची आणि लाकडाची कडी त्याने घुमटाच्या अंगात बसवली. वजनाने घुमट बाहेर फाकू नये, हा हेतू.

सामान वर चढवायला त्याने बैलांचा रहाट केला. बैल खाली गोल फिरायचे, दोर वर जायचा. दगड वर पोचला की रिकामा दोर खाली आणायचा. त्यासाठी बैल सोडून उलटे जुंपावे लागले असते. किती वेळ गेला असता! म्हणून त्याने रहाटाला दातांची दोन चाके लावली. एक चाक अडकवले की दोर वर जाई. दुसरे अडकवले की खाली येई. बैल आपले एकाच दिशेने चालत राहायचे. घाण्याला बैल जुंपलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही युक्ती किती मोलाची ते लगेच कळेल. आम्हांला तर घुमटापेक्षा हा रहाटच जास्त आवडतो.

घुमटाला चाळीस लाखांच्या वर विटा लागल्या असा अंदाज आहे. विजापूरचा गोलघुमट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला, आणि आतून याच्यापेक्षा थोडा अरुंद आहे. फ्लॉरेन्सच्या घुमटावर आजही चढून जाता येते. पायऱ्या ४६३ आहेत. पाळणा नाही, म्हणजे लिफ्ट नाही. तिकिटाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघावे, त्यात कमीपणा नाही.

देवळासमोर आठ कोनांची एक लहान इमारत आहे. तिथे बाळांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देत. तिचे पूर्वेकडचे दार पाहावे. ते काशाचे असून त्यावर सोन्याचा मुलामा आहे. लोरेन्झो गिबर्टी याने त्यावर २७ वर्षे काम केले. १४२५ मध्ये सुरुवात, १४५२ मध्ये शेवट. हाही सोनारच बरं का! आता मूळ दार शेजारच्या संग्रहालयात ठेवले आहे. बाहेर लावलेली त्याची नक्कल आहे.

तिथून थोडे चालले की एक चौक लागतो. चौकाच्या एका बाजूला नऊ कमानींचा लांब ओटा आहे. हे अनाथ बालकांचे घर. त्याचा आराखडाही ब्रुनेल्लेस्कीनेच केला. पैसा रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने दिला. हे घर १४४५ साली उघडले. पहिले मूल आले ते ५ फेब्रुवारीला. ती मुलगी होती. तिचे नाव आगाता ठेवले.

कमानींच्या वर मातीची भाजलेली गोल चित्रे बसवली आहेत. निळ्या जमिनीवर पांढरी बाळे, फडक्यात गुंडाळलेली. आन्द्रेआ देल्ला रोब्बिया या कारागिराने ती घडवली. बाळे हात पसरून उभी आहेत, जणू कुणी उचलून घ्यावे म्हणून.

या घराच्या भिंतीत एक जाळीची खिडकी होती. ज्या आईला मूल वाढवणे शक्य नसे ती खिडकीतून बाळ आत ठेवून निघून जाई. गरिबी असे, लोकलाज असे. कुणी तिला नाव विचारीत नसे. कुणी आई सोबत चिठ्ठी ठेवी. कुणी एखादे नाणे किंवा पदक मधोमध तोडून त्याचा अर्धा भाग बाळाच्या अंगावर बांधी. उरलेला अर्धा आपल्याजवळ ठेवी. पुढे दिवस बरे आले, तर दोन तुकडे जुळवून आपले मूल ओळखता येईल, ही आशा. कारकून ते तुकडे नोंदवून जपून ठेवीत. असे कितीतरी अर्धे तुकडे आज तिथल्या संग्रहालयात लहान लहान खणांत ठेवलेले आहेत. खणात ते अर्धेच आहेत. १८७५ साली ती खिडकी बंद झाली. मुलांसाठीचे काम मात्र त्या वास्तूत आजही चालते. फ्लॉरेन्सला जाणारे पुष्कळ लोक हे घर न पाहताच परततात. आम्ही म्हणू, दुसरे काही राहिले तरी चालेल, हे चुकवू नका.

आता गावाच्या सरकारवाड्याकडे वळू. त्याला पालाझ्झो वेक्किओ म्हणतात. वेक्किओ म्हणजे जुना. हा वाडा १२९९ साली बांधायला घेतला. त्याचा बुरूज दुरूनही दिसतो. गावच्या नगरपालिकेचे कार्यालय आजही इथेच आहे.

मघाशी लोकरीच्या पैशाची गोष्ट सांगितली. पण लोकर धुणाऱ्या-पिंजणाऱ्या मजुरांचे काय? त्यांना स्वतःचा संघ करण्याची मनाई होती. संघ नाही म्हणून कारभारात जागा नाही. या मजुरांना चोंपी म्हणत. १३७८ च्या उन्हाळ्यात ते उठले आणि थेट या वाड्यात शिरले. मिकेले दी लांदो नावाच्या लोकरीच्या कामगाराला त्यांनी गावचा मुख्य कारभारी केले. मजुरांना संघ मिळाला. पण काही आठवड्यांतच पिंजाऱ्यांचा संघ मोडून टाकला. चार वर्षांत सगळा कारभार पुन्हा बड्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला. चोंपींचे नाव गावातल्या एका चौकाला आहे, एवढे मात्र राहिले.

वाड्याच्या दाराशी दाविद नावाच्या तरुणाचा उघडा पुतळा आहे. ती नक्कल आहे. खरा पुतळा १८७३ साली आकादेमिया नावाच्या संग्रहालयात हलवला. तो मिकेलांजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवला. उंची पाच मीटरहून जास्त. ज्या दगडातून तो काढला, तो दगड आधीच्या कारागिरांनी थोडा कोरून सोडून दिला होता. चाळीस-एक वर्षे तो तसाच पडून होता. तयार पुतळा कारखान्यातून या चौकात आणायला चार दिवस लागले. तेल चोपडलेल्या वाशांवरून चाळीसहून जास्त माणसे तो ओढत होती.

वाड्याला लागून उफ्फीत्सी नावाची लांब इमारत आहे. उफ्फीत्सी म्हणजे कचेऱ्या. सोळाव्या शतकात कचेऱ्यांसाठीच ती बांधली. आता तिथे जगातली फार नावाजलेली चित्रे आहेत. गावावर मेदिची घराण्याची सत्ता होती. त्या सावकार घराण्याने ही चित्रे जमवली. घराण्यात शेवटी आन्ना मारिया लुईझा ही एकटीच उरली. राज्य परक्या घराण्याकडे जाणार हे ठरले होते. तेव्हा १७३७ साली तिने करार करून घेतला, की चित्रे, पुतळे, पुस्तके, जडजवाहीर, यातले काही म्हणजे काही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचे नाही. ते लोकांच्या उपयोगासाठी इथेच राहावे. १७६९ साली हे संग्रहालय लोकांना खुले झाले. एका बाईच्या सहीने एवढे झाले! चित्रांविषयी आम्ही इथे लिहीत नाही. ती डोळ्यांनीच पाहायची असतात.

उफ्फीत्सीच्या पुढे नदी. नदीवर जुना पूल आहे, त्याचे नाव पोंते वेक्किओ. पुलावर दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. आधीचा पूल १३३३ च्या पुरात वाहून गेला, म्हणून १३४५ साली हा बांधला. पूर्वी इथे खाटकांची दुकाने होती. १५९३ साली राजाने ती उठवून सोनारांना जागा दिली. आजही तिथे सोनेनाणेच विकतात. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन फौजेने माघार घेताना गावातले बाकीचे सगळे पूल सुरुंगाने उडवले. हा तेवढा ठेवला. शेजारचा सांता त्रिनिता पूल लोकांनी नदीत पडलेले दगड काढून पुन्हा पहिल्यासारखा बांधला. ते काम १९५८ साली पुरे झाले. पुलावर वसंत ऋतूचा पुतळा होता. त्याचे डोके काही केल्या मिळेना. ते १९६१ साली नदीच्या तळाशी सापडले.

पण ही नदी साधी नाही. १३३३ चा पूर आला तो ४ नोव्हेंबरला. पुढे १९६६ साली बरोबर त्याच तारखेला, ४ नोव्हेंबरला, पुन्हा महापूर आला. सांता क्रोचे देवळाच्या भागात पाणी सहा मीटरच्या वर चढले. घरे ऊबदार ठेवायला तळघरांत तेल साठवलेले असते. ते तेल पाण्यात मिसळले. माणसे दगावली. दुकाने, कारखाने गेले. नदीकाठच्या मोठ्या ग्रंथालयात दहा लाखांहून अधिक पुस्तके चिखलात बुडाली. गिबर्टीच्या दाराची काही चित्रे सुटून पडली.

तेव्हा कुणी न बोलावता देशोदेशीचे तरुण तिथे आले. विद्यार्थी होते, शिपाई होते. तळघरापासून रस्त्यापर्यंत रांग करून हातोहात एकेक पुस्तक त्यांनी वर काढले. गावच्या लोकांनी त्यांना नाव दिले, चिखलातले देवदूत. पुस्तके धुण्याचे, वाळवण्याचे, पुन्हा बांधण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. पाणी कुठवर चढले होते ते दाखवणाऱ्या पाट्या आजही भिंतींवर आहेत. सांता क्रोचेजवळच्या पाट्या पाहायला मान वर करावी लागते.

आता नदीच्या काठाकाठाने, पाणी जाते त्या दिशेने चालत जाऊ. गाव मागे पडते आणि कास्चिने नावाची लांबलचक बाग लागते. बागेच्या अगदी शेवटच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ झाडांत एक छत्री आहे. चार खांब, वर घुमटी, आणि आत एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. डोक्याला पागोटे. हे आपल्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८७० साली महाराज युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंड पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघे वीस वर्षांचे. घरचे कुणी जवळ नाही. परक्या मुलखात दहनाची चाल नाही. तरी अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळाली, आणि दोन नद्यांच्या संगमावर आपल्या रीतीप्रमाणे त्यांचे दहन झाले. प्रवासात महाराज रोजनिशी लिहीत असत. ती १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचे.

छत्री १८७४ साली उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांनी केला. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तो याच मँटसाहेबांनी. चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर कोरला आहे.

तिथले लोक त्या जागेलाच 'इंदियानो', म्हणजे भारतीय, म्हणतात. जवळच १९७८ साली नदीवर तारांनी तोललेला नवा पूल झाला. त्याचेही नाव त्यावरूनच पडले, पोंते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाजवळचा पूल. त्यावरून मोटारी जातात, आणि पायी माणसांसाठी खालच्या अंगाने वेगळी वाट आहे. घुमटापाशी रांग असते, उफ्फीत्सीपाशी रांग असते. इथे रांग नाही, आणि तिकीटही लागत नाही.