परवान्याचा पैसा आणि रिकामे सर्व्हर : एक अभ्यास

सहकारी साखर कारखाने, नागरी बँका, पतसंस्था आणि सूतगिरण्या हा सातारा-सांगली भागाच्या अर्थजीवनाचा कणा होय. रेठऱ्याचा कृष्णा, कराडजवळचा सह्याद्री, सांगलीचा वसंतदादा, साखराळ्याचा राजारामबापू ही कारखान्यांची नावे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. अशा संस्थांचे हिशेब आता वह्यांतून संगणकात गेले आहेत. संगणकाचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येते. वास्तविक पुष्कळदा यंत्राहून मोठा खर्च त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा असतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु हा प्रश्न यंत्राचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम परवाना मोजतात कसा ते पाहू. आपल्याकडे मीटर नसलेल्या शेतीपंपाचे बिल अश्वशक्तीवर आकारले जाते. पंप रात्रभर चालो की महिनाभर बंद राहो, मोजायची ती अश्वशक्ती. (२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचा भार शासनाने उचलला आहे, पण आकारणीचे तत्त्व तेच.) सर्व्हरवरील सॉफ्टवेअरचेही पुष्कळदा असेच असते. सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये 'कोअर' नावाचे अनेक भाग असतात आणि प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे काम करू शकतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून आपल्या एसक्यूएल सर्व्हर या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरची आकारणी कोअरवर आणली. ओरॅकलही कोअरच मोजते. नेहमीच्या इंटेल प्रोसेसरचे दोन कोअर तिथे एका परवान्यात बसतात. म्हणजे पैसा द्यायचा तो यंत्राच्या ताकदीचा, झालेल्या कामाचा नव्हे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका संस्थेने 'पुढे लागेल' म्हणून ३२ कोअरचा सर्व्हर घेतला. ऐन गर्दीच्या वेळीही त्याची १५ टक्केच शक्ती वापरली जाते. ३२ चे १५ टक्के म्हणजे पाच कोअरसुद्धा नव्हेत. तेच काम आठ कोअरच्या यंत्रावर हलवले, तर गर्दीतही सुमारे ६० टक्केच वापर होईल आणि हात राखून काम चालेल. परवाने मात्र ३२ ऐवजी आठ, म्हणजे एक चतुर्थांश! शिवाय हा खर्च एकदाच होऊन थांबत नाही. ओरॅकलची वार्षिक देखभाल परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के असते. शंभर रुपयांच्या परवान्यामागे पाच वर्षांत ११० रुपये देखभालीचेच जातात. रिकाम्या कोअरसाठीही हे पैसे भरावे लागतात.

परंतु मोजमाप केल्यावाचून कात्री लावणे घातक ठरेल. आपल्या भागात कामाला हंगाम असतो. कारखान्यात गाळप सुरू झाले की वजनकाट्याच्या नोंदींचा ओघ लागतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असल्याने बिलांच्या वेळी संगणकावर ताण येतो. बँकेत ३१ मार्चचा दिवस तसाच. श्रावणातले आकडे पाहून यंत्र लहान केले, तर हंगामात शेतकरी बिलासाठी ताटकळेल. म्हणून वापराची नोंद संपूर्ण वर्षाची हवी. आणि ती केवळ प्रोसेसरची नव्हे, तर मेमरी व डिस्कचीही हवी.

मोजणी झाल्यावर उपाय कोणते? पहिला उपाय म्हणजे कोणी वापरतच नाही असे सर्व्हर बंद करणे. दुसरा, चाचणीच्या यंत्रांचा परवाना तपासणे. एसक्यूएल सर्व्हरची चाचणी व विकासासाठीची आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य आहे. मात्र प्रत्यक्ष कारभार तिच्यावर चालवता येत नाही. तिसरा उपाय आवृत्ती तपासण्याचा. याच सॉफ्टवेअरच्या २०२२ च्या एंटरप्राइझ आवृत्तीचा दर स्टँडर्डच्या जवळजवळ चौपट ठेवला होता. जादा सोयी वापरात नसतील, तर चौपट का मोजावे? चौथा, थोडे पण वेगवान कोअर असलेले यंत्र निवडणे.

पाचवा उपाय म्हणजे एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणे. इथे मात्र करारपत्र बारकाईने वाचले पाहिजे. एसक्यूएल सर्व्हरला आभासी सर्व्हरमागे किमान चार कोअरचे परवाने लागतात. दोनच कोअर दिले तरी पैसे चारांचे. ओरॅकलच्या धोरणानुसार व्हीएमवेअरसारख्या साधनाने केलेली वाटणी मोजणीत धरली जात नाही, मागणी संपूर्ण यंत्राची होते. तसेच काही परवाने सोडून दिले म्हणजे देखभालीचा खर्च त्याच प्रमाणात उतरतो असेही नाही. उरलेल्यांचा दर नव्याने ठरवला जाऊ शकतो. पोस्टग्रेससारखे मुक्त सॉफ्टवेअर परवाना-शुल्काविना मिळते. परंतु जुने कार्यक्रम त्यावर आणण्याचे श्रम आणि जाणकार माणसांचा पगार हिशेबात धरलाच पाहिजे.

लहान संस्थांना एकत्र येण्याचा मार्गही आहे. गावच्या विकास सोसायटीत दिवसाकाठी नोंदी त्या किती? तिला स्वतंत्र सर्व्हर आणि स्वतंत्र परवाना कसा परवडावा? केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. २,५१६ कोटी रुपयांच्या त्या योजनेत नाबार्डच्या मदतीने सर्वांसाठी एकच सामाईक सॉफ्टवेअर ठरवले. ज्या सहकाराच्या तत्त्वावर आपल्याकडे उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या, तेच तत्त्व इथे संगणकाला लावलेले दिसते.

थोडक्यात, आधी मोजणी, मग करारवाचन आणि शेवटी कपात, हा क्रम मला योग्य वाटतो. सहकारी संस्थेतील पैसा उसाच्या बिलातून आणि ठेवीदाराच्या बचतीतून आलेला असतो. वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटताना 'संगणक खर्च' ही ओळ आपण सभासद बहुधा ओलांडून जातो. तिथे थांबून दोन प्रश्न विचारायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही : किती कोअरचे पैसे भरले, आणि वर्षभरात त्यातले किती कामाला आले?