ट्रकच्या टपावरचा आकाशक

आगीचा बंब घंटा वाजवीत रस्त्याने जातो, तेव्हा आपले लक्ष त्याच्या लाल रंगाकडे, शिडीकडे आणि पाण्याच्या नळ्यांकडे जाते. केबिनच्या टपावर उभी असलेली हातभर लांबीची बारीक काडी मात्र सहसा कोणी पाहत नाही. हा बंबातील बिनतारी संचाचा आकाशक, म्हणजेच अँटेना. 'पाणी संपत आले, टँकर पाठवा' हा निरोप केंद्रावर पोहोचतो तो या काडीमार्फत. तो पोहोचला नाही, तर रिकामा बंब आगीसमोर नुसता उभा राहील.

मग ही काडी गाडीवर नेमकी कोठे बसवावी? बंपरला, आरशाच्या दांडीला, मागच्या हौद्याला, की टपावर? संच तोच, बॅटरी तीच. तरीही जागा बदलली की निरोप पोहोचण्यात फरक पडतो. तो का, हे आपण पाहू या.

प्रश्न जुनाच आहे. १९०१ मध्ये मार्कोनीने इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेच्या गाडीवर बिनतारी यंत्र बसविले. तिच्या टपावर उंच नळकांड्यासारखा आकाशक होता आणि प्रवासात तो आडवा करून ठेवता येई. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलीस गाड्यांना केंद्राचा निरोप ऐकता येऊ लागला, पण गाडीतून उत्तर देण्याची सोय नव्हती. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन शहराच्या पोलिसांनी गाडीतून दुतर्फा संभाषण सुरू केले.

काडी किती लांब?

बिनतारी तरंगांचा वेग प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटर असतो. समजा, संचाची कंप्रता १५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १५ कोटी कंपने आहे. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते: ३० ÷ १५ = २ मीटर. गाडीवरची काडी बहुधा तरंगलांबीच्या पावपट, म्हणजे येथे सुमारे ५० सेंटिमीटर ठेवतात. प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते.

परंतु चांगला साधा आकाशक तरंगलांबीच्या निमपट लांबीचा असतो, असे तुम्ही वाचले असेल. मग उरलेला अर्धा भाग कोठे गेला?

एक आरसा टेबलावर आडवा ठेवा आणि त्यावर पेन्सिल उभी धरा. आरशातील प्रतिमेसह पेन्सिल दुप्पट लांब दिसते. बिनतारी तरंगांच्या बाबतीत टपाचा पत्रा आरशाचे काम करतो. काडीतील विद्युत्प्रवाहाबरोबर पत्र्यातही प्रवाह सर्व दिशांना पसरतात आणि त्यांचा परिणाम असा होतो, की जणू पत्र्याखाली तेवढीच दुसरी काडी आहे. म्हणजे आपण काडीला आकाशक म्हणतो, पण तो आकाशकाचा निम्माच भाग आहे. दुसरा निम्मा भाग म्हणजे गाडीचा पत्रा! जागा निवडणे म्हणजे हा दुसरा भाग निवडणे होय.

जागांची तुलना

हा आरसा काडीच्या सर्व बाजूंना निदान पाव तरंगलांबी, म्हणजे ५० सेंटिमीटर पसरलेला असावा. ट्रकच्या केबिनचा टप सुमारे दोन मीटर रुंद असतो. त्याच्या मध्यावर काडी बसविली की ही अट पुरी होते आणि तरंग चहूकडे जवळजवळ सारखे जातात. काडी टपाच्या एका कडेला बसविली, तर ज्या बाजूस पत्रा जास्त त्या बाजूस तरंग अधिक जोराने जातात व इतर बाजूंना कमी पडतात.

बंपरवर स्थिती याहून वाईट. तेथे पायाखाली पुरेसा पत्रा नाही आणि शेजारी केबिनची धातूची भिंत उभी. आरशाच्या दांडीवरही खाली सलग पत्रा नसतो. हौद्याच्या मागील टोकाला बसवावे, तर संचापासून लांब तार न्यावी लागते. नेहमीच्या बारीक आरजी-५८ जातीच्या केबलच्या ५ मीटर लांबीत, १५० मेगाहर्ट्झला, सुमारे पाचवा भाग शक्ती वाटेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

उंचीचा फायदा किती, तेही मोजू. सपाट प्रदेशात प्रत्येक आकाशकाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्याला ४.१ ने गुणावे. दोन्ही उत्तरांची बेरीज म्हणजे क्षितिजामुळे पडणारी मर्यादा, किलोमीटरमध्ये. केंद्राचा आकाशक ३० मीटर आणि टपावरचा ३ मीटर उंच असेल तर ही मर्यादा सुमारे ३० किलोमीटर येते. बंपरवर, १ मीटर उंचीवर, ती सुमारे २७ किलोमीटर. म्हणजे या हिशेबाने फरक जेमतेम दहावा भाग. टपाचे खरे महत्त्व त्याच्या उंचीइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या सपाट व मोकळ्या पत्र्यात आहे.

मागची भिंत

आता अवघड गाडी घेऊ. केबिनच्या मागे टपाहून दीड मीटर उंच लोखंडी पेटारा आहे. टपावरच्या काडीमागे ही भिंतच उभी राहिली. घरावरच्या जुन्या दूरदर्शन आकाशकाची मागची दांडी आठवा. ती तरंगांना पुढे परतविते. पेटाऱ्याची भिंत तेच करते. पुढे आवाज जोरात, मागे क्षीण. आणि गंमत अशी, की केंद्रातून निघालेल्या गाडीचे केंद्र बहुधा तिच्या मागेच असते! निरोप जिकडे जायला हवा तिकडेच सावली पडते.

उपाय काय? काडी भिंतीपासून शक्य तितकी पुढे न्यावी, पण तिच्यापुढे ५० सेंटिमीटर पत्रा शिल्लक ठेवावा. पेटारा गाडीला कायमचा जोडलेला असेल, तर त्याच्याच धातूच्या छतावर काडी बसवून जाड, कमी ऱ्हासाची केबल वापरावी. बंबावर शिडी टपावरच आडवी असते. तिच्यापासूनही काडी दूर हवी. टप फायबरचा असेल तर तो आरसा होऊ शकत नाही. अशा वेळी त्याच्या आतून सुमारे एक मीटर व्यासाचा पत्रा लावतात. बूड बसविताना रंग खरवडून धातूला धातू भिडला पाहिजे, नाहीतर आरसा असून नसल्यासारखा.

जेथे टपाचे चालत नाही

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाणारी गाडी डोंगराच्या आड जाते. तेथे काडी कितीही नीट बसविली तरी डोंगर हलत नाही. अशा वेळी उंचावर पुनःक्षेपक केंद्र लागते. ते गाडीचा निरोप ऐकून पुन्हा पाठविते. दूरदर्शनचा मनोरा शहरात न उभारता हजार मीटरांहून उंच असलेल्या म्हैसमाळवर का उभारला, हे आता तुमच्या ध्यानी येईल.

करून पाहा

एफएम रेडिओवर एखादे क्षीण केंद्र लावा. लोखंडी कपाटापासून दूर, मग अगदी जवळ, पुढे व मागे रेडिओ नेऊन आवाजातील खरखर कोठे वाढते ते वहीत नोंदवा. (निरोप प्रक्षेपित करण्यास मात्र बहुतेक कंप्रतांवर सरकारी परवानगी लागते, संच सुरू असताना काडीला हात लावू नये.)

विचार करा

१. १०० मेगाहर्ट्झ कंप्रतेसाठी पावपट काडीची लांबी किती?

२. २७ मेगाहर्ट्झची पावपट काडी अडीच मीटर उंच टपावर ताठ उभी केली. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गाच्या फाटकावर ४.६७ मीटर उंचीची आडवी कमान असते आणि पलीकडे २५,००० व्होल्टची तार. काय होईल? काडी कोठे व कशी बसवाल?

३. पेटाऱ्याच्या गाडीतून निरोप नीट पोहोचत नसेल, तर चालकाने गाडीचे तोंड कोणीकडे वळवून पाहावे?