यंत्राला हार घालण्याआधी

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते आणि दसऱ्याला यंत्रांची पुन्हा पूजा. दोनदा का? आणि कोणाचे मन न दुखावता, अपघात न होता ती कशी करावी?
— एक वाचक, बालाघाट

उत्तर : दोनदा, कारण तुमच्याकडे दोन रिवाज एकत्र नांदतात. विश्वकर्मा पूजा सूर्याच्या कन्या संक्रांतीला होते, म्हणून तिची इंग्रजी तारीख जवळपास ठरलेली. बंगाल, बिहार, ओडिशाकडे ती कारखान्यांचा मोठा सण आहे. मराठी माणूस हत्यारे पुजतो ती खंडेनवमी-दसऱ्याला, तिथीने. म्हणून ती तारीख सरकते. 2025 चा दसरा तर गांधी जयंतीलाच आला. भरवेली, उकवा, तिरोडीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे असलेल्या जिल्ह्यात दोन्ही चालणारच. चालू द्या.

मन दुखावते ते पूजेने नव्हे, सक्तीने. 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञा मानणारा सहकारी आरतीला उभा राहणार नाही आणि दसऱ्याला त्याला दीक्षाभूमीवर जायचे असेल. त्याची रजा आधीच मंजूर करा. बडादेवाला मानणारा गोंड सहकारी, मुसलमान फिटर यांनाही हाच न्याय : हजेरीपटाचा पूजेशी संबंध नको, वर्गणी पगारातून कापायची नाही, प्रसाद न घेणाऱ्याला टोमणा नको. जेवण मात्र सगळ्यांचे एकत्र होऊ द्या, आणि ते शाकाहारी असले की बरेच प्रश्न मिटतात. गुलाल विचारूनच लावायचा. बायकांच्या बाबतीत तर ‘सण आहे, चालायचेच’ ही सबब ऐकूनच घेऊ नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, आणि सणाच्या दिवशी तिला सुट्टी नसते.

आता अपघात. हार घालताना यंत्र ‘नुसते बंद’ असून भागत नाही. कोणीतरी सवयीने बटण दाबतो आणि हाराचा दोरा, साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक पट्ट्यात ओढले जाते. मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा, पाटी अडकवा. निरांजन आणि कापूर डिझेल, ग्रीस, तेलाच्या चिंध्यांपासून लांब, एका ताटात. हळदकुंकू मोटारीच्या जाळीवर उधळू नये, आत गेले की थंड हवेची वाट बुजते. नारळ बाहेर ओट्यावर फोडा. वर्कशॉपच्या तेलकट फरशीवर सांडलेले पाणी म्हणजे घसरगुंडीच. काम पुन्हा सुरू करण्याआधी हार, फुले, सुतळी सगळे काढायचे. ‘दिवसभर राहू दे, शोभा येते’ म्हणणारे भेटतात. त्यांचे ऐकू नका. दारू घेतलेल्याला त्या पाळीत यंत्रावर उभे करायचे नाही, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

एवढे सगळे एका दिवसात जमले नाही, तरी येत्या पूजेआधी एक गोष्ट नक्की करा : मेन स्विचच्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात राहील, ते नाव फळ्यावर लिहून टाका.