पाणी तिचं तिला घालू द्या

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, तिसरीत गेलेल्या माझ्या लेकीने हट्टच धरला की कुत्र्याचं पिल्लू पाहिजे. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, आम्ही दोघंही सकाळी लोकल गाठणारे आणि दिवेलागणीला परतणारे. घरी फक्त आजी. पिल्लू आणणं शक्यच नव्हतं. पण काहीतरी आपलं स्वतःचं असावं, आपण त्याला वाढवावं ही तिची ओढ खरी होती. ती नुसतं ‘नाही’ म्हणून मोडून काढायला माझं मन होईना.

शेजारच्या काकूंचा मनीप्लांट जिन्याच्या कठड्यावरून पार खाली उतरला होता. त्याच्या दोन फांद्या आम्ही मागून आणल्या. मागून आणल्या हे मुद्दाम सांगते. मनीप्लांट चोरून आणला तरच भरभराट होते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि पुष्कळदा ती चोरी पोराच्याच हातून करवली जाते. कृपा करून असं करू नका. मागून आणलेली फांदीही तितकीच जोमाने फुटते, आणि काकूंच्या दारातलं पान काकूंना विचारून घ्यायचं हे मुलांना कळायचं वय तेच असतं.

काकूंनी कात्री तिच्याच हातात दिली. आपल्या बोटाला जशी पेरं, तशीच या वेलीलाही असतात. पान जिथून फुटतं तिथे पेर, आणि त्या पेराशी तपकिरी रंगाचा एक बारीक कोंब. कापायचं ते त्या पेराच्या खाली. मुळं पेरालाच फुटतात. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर ते कितीतरी दिवस हिरवं राहतं, पण त्याची वेल होत नाही. लेकीने फांद्या काचेच्या बाटलीत ठेवल्या आणि रोज शाळेतून आली की दप्तर न काढताच बाटली उजेडात धरून बघायची. आठ-दहा दिवसांनी तो तपकिरी कोंब फुगला आणि त्यातून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक बाहेर आलं. त्या दिवशी तिने आम्हाला चपला काढायचीही सवड दिली नाही.

बाटलीचं पाणी दर रविवारी बदलायचं हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवला. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात ती याचसाठी. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी काचेला आतून चिकटतात, म्हणून बाटली घासायची. मुलांना हे काम आवडतं, आणि ते का करायचं हेही त्यांना सहज समजतं.

घरात रांगतं बाळ असेल तर मात्र वेल उंच टांगा, बाळाच्या हाताला येईल इतकी खाली लोंबू देऊ नका. मनीप्लांट हा अळूच्याच कुळातला. खाजऱ्या अळूने घसा कसा धरतो ते आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. तेच सुईसारखे बारीक स्फटिक याच्या पानांत आणि देठांत असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते. मांजर-कुत्र्यांनाही तेच. फांदी कापून झाली की मुलांना साबणाने हात धुवायला लावा. आणि तोंडात गेलंच तर तोंड पुसून, धुऊन डॉक्टरांना दाखवा.

मुळं बोटभर झाल्यावर आम्ही वेल कुंडीत लावली, आणि चूक झाली ती तिथे. सकाळी शाळेत जाताना लेक पाणी घालायची. दुपारी आजी तुळशीला घालता घालता हिलाही तांब्याभर घालायच्या. रात्री मी परतले की वाटायचं, पोर विसरली असेल, झाड मेलं तर रडेल. मग मीही घालायचे, तिच्या नकळत. महिन्याभरात खालची पानं पिवळी पडली. पिवळी दिसली म्हणून आम्ही आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी उलटी केली, तर मातीला आंबूस वास आणि मुळं काळी, बोटाने दाबली की लगदा होणारी. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की ती गुदमरून कुजतात. मनीप्लांट तहानेने क्वचितच मरतो. घराघरांत तो मरतो तो अशा मायेनेच.

ती हमसून रडली. म्हणाली, “मी तर रोज घातलं होतं.” तेव्हा मी तिला खरं सांगितलं, की मीही घालत होते. माझ्यावर तुझा विश्वास नव्हता का, असं तिने विचारलं. आई-बाबांनो, त्या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

वरची दोन पेरं चांगली होती, ती पुन्हा बाटलीत गेली. दुसऱ्या खेपेला साताऱ्याहून तिच्या आजोबांनी फोनवर एकच शब्द शिकवला: वाफसा. जमिनीत ओल असावी आणि हवाही खेळावी, अशी स्थिती. बोट मातीत दोन पेरं आत घालायचं. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर, आणि ताटलीत साठलेलं ओतून द्यायचं. बाकी काही विशेष करावं लागत नाही. खिडकीजवळचा उजेड हवा, तळपतं ऊन नको; अंधाऱ्या कोपऱ्यात पानावरची पिवळी नक्षी विरत जाते. आणि हवा शुद्ध होईल म्हणून दहा कुंड्या आणू नका. झाडं घरातली हवा शुद्ध करतात हे ज्याच्या आधारावर सांगितलं जातं, तो नासाचा 1989 सालचा अभ्यास लहानशा बंद पेट्यांतला होता. घराच्या हवेसाठी खिडकी उघडलेली बरी.

मग आम्ही घरात ठरवलं, कुंडी तिची, तर पाणीही तिनेच घालायचं. विसरली तर विसरली. हे आजींना जड गेलं आणि मलाही. परीक्षेच्या आठवड्यात पानं मलूल होऊन खाली झुकली होती, मी दोन दिवस तिथून नुसती जात-येत राहिले. तिसऱ्या दिवशी तिचं तिलाच दिसलं. रात्री पाणी घातलं, सकाळी पानं ताठ. म्हणूनच पहिलं झाड म्हणून मुलांना गुलाब न देता मनीप्लांट द्या. एवढी चूक तो पोटात घालतो.

आता वेल खिडकीच्या गजांवरून खाली लोंबते. नवं पान जुन्या पानाच्या देठातून सुरळीसारखं गुंडाळलेलं येतं आणि दोन-तीन दिवसांत उलगडतं. ती ते मोजून ठेवते. हीच वेल मोठ्या झाडावर चढली तर पानं सुपाएवढी होतात हे कळल्यापासून ती रस्त्यातलं प्रत्येक झाड वर मान करून बघते. मनीप्लांटचं मूळ गाव ताहितीशेजारचं मूरिया बेट. नकाशात तिने तिथे पेन्सिलने टिंब काढलं आहे.

परवा एक पान पिवळं दिसलं. मी स्वयंपाकघरातून भांडं भरून आणलं आणि खिडकीशी थबकले. ती शाळेतून आली, मातीत बोट घातलं, म्हणाली, “ओली आहे गं आई. म्हातारं पान आहे ते.” पान खुडलं, हात धुतले आणि खाली खेळायला पळाली.